एका नावासाठी मोडलेली मिस्सा

दादा, तुझ्यावर लिहायचं तर खरं म्हणजे लॅटिनमध्ये लिहायला हवं. तू खूश झाला असतास आणि कुणालाच काही कळलं नसतं. पण मला लॅटिनचं अक्षर येत नाही, तेव्हा मराठीतच ऐकून घे. मधेच उठून जायची सोय आता तुला नाही, म्हणून जरा धीर आलाय.

तुला जाऊन आठवडा होत आला. वहिनीकडं अजून माणसं येतात आणि येणारा प्रत्येकजण एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतो. चर्चमधली माणसं विचारतात, "शेवटाला परत आला न्हवं इनास?" उद्यमनगरातले तुझे लेथवाले दोस्त विचारतात, "इनासभाऊ ख्रिश्चनच हुते की, मग चर्चात का जाईत न्हवते?" मी चहा पुढं करते. एवढं सगळं एका कपात कसं सांगायचं?

तरी परवा तुझ्या लेथवाल्यांतले शिंदे बसून राहिले, तेव्हा त्यांना सांगितलं. म्हटलं, आम्ही कॅथलिक. आमच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. फादर वेदीकडं तोंड करून उभे राहायचे, आमच्याकडं त्यांची पाठ. मग रोमहून हुकूम आला, जगभर मिस्सा ज्याच्या त्याच्या भाषेत सुरू झाली आणि फादर लोकांकडं वळले. बहुतेकांना बरं वाटलं, थोड्यांना नाही. त्या थोड्यांतल्या काहींनी पुढं युरोपात पोपला न जुमानता आपले आपणच बिशप नेमले, आणि रोमनं त्यांना बाहेरचं ठरवलं. दादा त्यांच्या मिस्सेला जायचा. शिंदे म्हणाले, "म्हंजे भाऊ पोपला मानत न्हवते." मी म्हटलं, शिंदे, तिथंच तर सगळी गोम आहे.

आपलं भांडण कठड्यापासून सुरू झालं, आठवतं? नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास चर्चची दुरुस्ती निघाली आणि वेदीपुढचा सागवानी कठडा काढून टाकला. त्याच्यापुढं गुडघे टेकून आईनं जन्मभर ख्रिस्तप्रसाद घेतला होता. आता उभ्यानं, हातावर घ्यायचा असं ठरलं होतं. महिन्याभरानं जुन्या लाकडाच्या बाजारात तुला तो सापडला. कुणीतरी हॉटेलच्या गॅलरीसाठी तो बघून ठेवला होता. तू टेम्पोत घालून घरी आणलास, रंधा मारलास, पॉलिश केलंस आणि वर्कशॉपच्या माळ्यावर बसवलास. मी वहिनीला म्हटलं, दादानं कठड्याशी दुसरं लगीन लावलं. ती हसली नाही. मग कळलं की माळ्याला चुना मारून झालाय आणि दक्षिणेकडून त्या बाहेर काढलेल्यांतले एक म्हातारे फादर जुनी मिस्सा करायला रात्रीच्या गाडीनं येणार आहेत.

खाली लेथ, ग्राइंडर, बिद्रीच्या साखर कारखान्याचे दुरुस्तीला आलेले शाफ्ट, वर लॅटिन. रविवारी मशीन बंद असायची, पण तेलाचा वास कुठं जातो? धुपाबरोबर तोही वर चढायचा. दोन-अडीच महिन्यांनी ते फादर यायचे. आजऱ्याची, कोडोलीची, राधानगरीकडची घरं पहाटेच निघून यायची, लहान पोरांसकट उपाशी, कारण तुमच्यात प्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा चालत नव्हतं. चर्चमधली माणसं तुम्हाला फुटीर म्हणायला लागली. मीही म्हटलं, आणि ते काही तुझ्या पाठीमागं नाही.

आणि त्या माळ्यावर, वेदीच्या उजव्या हाताला, तू पोपचा फोटो लावलास. चांगला मोठा, सागाच्या चौकटीत.

पोप म्हणजे आपल्या सगळ्यांचा बाप. तो फोटो बघून मी हसले होते. "बा चा फोटू भिंतीवर, आणि बा चं ऐकायचं मातर न्हाई. ह्येला काय म्हणायचं रं?"

तू हातातलं फडकं खाली ठेवलंस. "बा नं हिरीत उडी टाक म्हटलं तर टाकणार न्हाई मी. पर म्हणून आडनाव बदलणार न्हाई."

त्या दिवशी मला ते वाक्य नुसतं आगाऊपणाचं वाटलं. पोपनं तुला विहिरीत कधी ढकललं होतं? त्यानं एवढंच म्हटलं होतं की प्रार्थना कळेल अशा भाषेत करा. आमच्या चर्चमध्ये मी पेटी वाजवत होते. तबल्यावर पोरं होती, अभंगाच्या चालीवर आम्ही स्तोत्रं म्हणायचो, पन्हाळ्याच्या वाटेवरच्या खेड्यांतून येणाऱ्या बायका टाळ्या धरायच्या. आईला शेवटच्या वर्षांत पहिल्यांदा मिस्सेतला शब्द न् शब्द कळला. मी तुला हे शंभरदा सांगितलं असेल. तू म्हणायचास, "कळायला ती काय बातम्या हाय व्हय?"

तरी माझ्या पेटीचा भाता फाटला तेव्हा पुण्याला पाठवायच्या आधी तूच ती उचलून नेलीस. चार दिवसांनी परत आणलीस तेव्हा स्वरसुद्धा सुधारले होते. "वाजव," म्हणालास, "पर देवाला इचारून." त्या पेटीवर मी जे जे वाजवलं त्यातलं काहीच तुला पसंत नव्हतं, आणि सगळं तुझ्यामुळं वाजलं. हे मी तुला कधी असं सरळ म्हटलं नाही. आज म्हणते.

तुझा शुक्रवार हा आणखी एक छळ. कोल्हापुरात राहून शुक्रवारी मटण नाही, कारण येशू शुक्रवारी क्रुसावर गेला. बिशपांनी सवलत दिली तरी तुझं आपलं जुनंच. माझ्या दिरांच्या घरी पांढऱ्या रश्श्याची वाटी तू हातानं बाजूला सारलीस, तेव्हा तिथं जेवायला आलेल्या शेजारच्या आजींनी हळूच विचारलं, "तुझ्या भावानं माळ घातलीया काय गं?" मी म्हटलं, हो, घातलीय, पण विठ्ठलाची नाही. त्या तुला पुढं कायम माळकरी म्हणूनच मानत राहिल्या, आणि तूही त्यांना कधी खरं सांगितलं नाहीस.

पण माझ्या शीलाच्या लग्नाचं मी हसण्यावारी नेऊ शकले नाही. अजून नेत नाही. तू तिचा एकुलता एक मामा, आणि तिचे बाबा तर तोवर गेलेले. आदल्या दिवशी रोसला, म्हणजे आपल्या हळदीला, नारळाचा रस तू तिच्या डोक्यावर ओतलास, रडलास, मांडव घातलास, आचाऱ्यांशी भांडलास. सकाळी तिला गाडीतून उतरवून चर्चच्या पोर्चपर्यंत हात धरून आणलंस, आणि उंबऱ्याशी थांबलास. "हितनं म्होरं तू न्हे," मला म्हणालास. आत मला पेटीवर बसायचं होतं. मग तिला शेवटी तिच्या काकांनी नेलं. तासभर तू पोर्चमध्ये पाहुण्यांच्या चपलांजवळ उभा होतास. अल्बममध्ये तुझा एक फोटो आहे, दाराच्या चौकटीत, आतल्या उजेडाकडं बघताना. दादा, तू आत आला असतास तर काय आभाळ पडलं असतं? पोपच्या देवळात यायला तुला पोपच्याच माणसानं अडवलं नव्हतं, तू स्वतःच अडलास. त्यावर आपण सहा-सात महिने बोललो नाही. नंतर बोललो, पण त्याबद्दल नाही. ते भांडण मी जिंकलं होतं असं मला वाटतं आणि तू मान्य केलं नव्हतंस, म्हणून ते तसंच राहिलं.

पुढं दोन-तीन वर्षांनी ते म्हातारे फादर थकले आणि दुसरे यायला लागले. तरुण, सडपातळ, अतिशय अदबीचे. त्यांची तिसरी खेप होती. वहिनीला ताप होता, म्हणून मिस्सेनंतरचा नाष्टा मी घेऊन आले. तुझ्या माळ्यावर मी पहिल्यांदाच मिस्सेच्या वेळी चढत होते. शिऱ्याचा डबा आणि चहाची किटली घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. माणसं कठड्यामागं गुडघ्यावर होती. तू वेदीवरच्या मेणबत्त्या लावत होतास.

फादर तुझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "इनासजी, मास से पहले वो फोटो उतार दीजिए."

"का?"

"वो कुर्सी बहुत सालों से खाली है. वहाँ कोई पोप नहीं है."

तू काडी विझवलीस. म्हातारे फादर पोपचं ऐकत नसले तरी त्याला पोप मानायचे, हे नवे तो पोपच नाही म्हणत होते. मिस्सेत एक जागा येते, घंटी वाजली की लगेच, जिथं फादर पोपचं नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करतात. आमच्या मिस्सेत ती मोठ्यानं होते. तुमच्या जुन्या मिस्सेत फादर ती कुजबुजत म्हणतात, पाठमोरे. मागं गुडघे टेकून घंटी वाजवणाऱ्यालाही ऐकू जात नाही. ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती.

"फादर," तू विचारलंस, "नाव घ्येता का न्हाई मग?"

"नहीं लेता."

"मागल्या दोन खेपंलाबी?"

"नहीं लिया."

तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, आईच्या वेळीसुद्धा नाही. "घंटी मी वाजीवली की," तू म्हणालास. कुणाला उद्देशून नाही. "दोनी येळंला मीच वाजीवली."

मग तू लावलेल्या मेणबत्त्या विझवल्यास. एक, आणि मग दुसरी. वेदीवरचं पांढरं कापड नीट घडी केलंस. फादरांकडं वळून म्हणालास, "पावणं, माझी भन च्या घिऊन आलीया. च्या घ्या, नाष्टा करा, इस्टीवर सोडतो तुमास्नी. पर मिस्सा हितं व्हायची न्हाई."

कोडोलीचा बस्त्याव उठून उभा राहिला. तुझा जिगरी दोस्त, त्या कठड्याला रंधा मारताना दुसऱ्या टोकाला तोच होता. "इनास, डोकं फिरलंय काय तुझं? माणसं राधानगरीवरनं आल्यात. पोरं उपाशी हाईत. अडीच म्हैन्यानं मिस्सा, आनि एका नावासाठी मोडतोस?"

"व्हय," तू म्हणालास. "एका नावासाठी."

"त्योच पोप तुला भाईरचा म्हणतोय की रं."

"म्हणू दे. त्यो मला म्हणतोय. मी त्येला म्हणत न्हाई."

ते सगळे गेले. फादर जाताना तुला नमस्कार करून गेले, बस्त्याव न करता. जिन्यावरनं उतरणाऱ्या लहान पोरांच्या हातात मी शिरा दिला, त्यांच्या आयांनी घेऊ दिला. पुढच्या वेळेपासून त्यांची मिस्सा बस्त्यावच्या घरी व्हायला लागली. माळ्यावर आपण दोघंच राहिलो. मला वाटलं, आता काय, सुटलं सगळं. म्हटलं, "चल की दादा. साडेनऊची मिस्सा हाय आपल्याकडं. अजून गावंल."

तू कठड्यावर हात ठेवून बसला होतास. "तितं तू पेटी वाजीवतीस," म्हणालास.

असा राग आला होता मला. किटली तिथंच टाकून मी खाली उतरले. पण त्या दिवसापासून तुला फुटीर म्हणणाऱ्यांशी मी भांडायला लागले. माझी पंचाईत ही की कुणाला पटेना. चर्चमध्ये सांगावं तर म्हणायचे, पोपवर एवढं प्रेम आहे तर त्याचं ऐकत का नाही. बस्त्यावच्या गोटात सांगावं तर म्हणायचे, ऐकत नाही तर नाव कशाला घ्यायचं. दोघांचंही बरोबर होतं. मधे एक माणूस एकटा उभा होता आणि तो माझा भाऊ होता, एवढंच माझ्याकडं उत्तर होतं.

नंतरची वर्षं तू दर रविवारी माळ्यावर जाऊन जुन्या पुस्तकातून स्वतःशीच मिस्सा वाचायचास. फादर नाही, प्रसाद नाही. वहिनी माझ्याबरोबर चर्चला यायची. परतताना आम्ही वर्कशॉपवरनं आलो की कधी कधी तुझा आवाज खालपर्यंत यायचा. सगळं पुटपुटत वाचणारा तू, पोपच्या नावाच्या त्या एका ओळीला आवाज चढवायचास. पोप वारले त्या आठवड्यात तू माझ्या घरी आलास आणि पंख्याखाली बसून लहान पोरासारखा रडलास. ज्या माणसानं तुमच्या लोकांना बाहेर काढलं होतं, त्याच्यासाठी. मी पाणी आणून दिलं. मग म्हटलं, "जेवून जा. आज शुक्रवार न्हाई."

दोन वर्षांनी रोमहून परवानगी आली. नव्या पोपनं सांगितलं, जुनी लॅटिन मिस्सा हवी असणाऱ्यांना ती मिळावी. तू पेपर घेऊन सकाळी सकाळी दारात, हातात पेढ्यांचा पुडा. "बगितलास? हिरीतनं भाईर काढलं बा नं." मला खरंच आनंद झाला, दादा. मी तुला घेऊन आपल्या चर्चच्या तरुण फादरांकडं गेले. ते भले माणूस. म्हणाले, मला लॅटिन येत नाही, पण कुणाला तरी बोलावू. फक्त एक अडचण आहे. ही मिस्सा कायम हवी असणारा एक गट चर्चमध्ये असायला हवा, तसा नियम आहे. तुमच्यात कोण कोण आहे?

तू माझ्याकडं बघितलंस. तुमच्यात तू होतास.

तू कोडोलीला बस्त्यावकडं गेलास, हे मला वहिनीनं सांगितलं. बस्त्यावनं तुला बसायला पाट दिला, जेवायला घातलं, आणि म्हणाला, "इनास, पोपची परवानगी घिऊन आमी काय करू? आमच्याकडं पोपच न्हाई." तू हसत हसत परत आलास म्हणे. वहिनी म्हणते, ते हसू बघवलं नाही तिला.

मी म्हटलं, माझ्या गायनमंडळातल्या बायका येतील. मी येईन. आम्ही सगळ्या सांगतो फादरना की आम्हाला लॅटिन हवंय. तू मान हलवलीस. "तुला पायजे हाय काय लॅटिन?" नाही, म्हटलं, मला तू पाहिजेस. "मग खोटं बोलून पोपची परवानगी वापरायची न्हाई," म्हणालास. असा माणूस. असल्या माणसाला दोन्ही बाजूंनी बाहेर उभं राहावं लागतं ह्यात नवल ते काय.

मग तुझी फुफ्फुसं. तेलाचा, लोखंडाचा, इतक्या वर्षांचा धूर. दवाखान्यात तू पंधरवडा काढलास, आणि शेवटी डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेतलं. मी फादरना फोन केला. आपल्यात मरणाच्या दारातल्या आजाऱ्याला फादर पवित्र तेल लावतात, ख्रिस्तप्रसाद देतात. तू त्यांच्या हातून घेशील की भिंतीकडं तोंड करशील, मला माहीत नव्हतं. ते देतील की नाही हेही माहीत नव्हतं. तू आत जातोस की बाहेर राहतोस, हे आता त्या खाटेवर ठरणार होतं.

फादर आले, खुर्ची ओढून बसले. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. "इनासभाऊ, मला एक विचारायला लागेल. राग मानू नका. तुम्ही पोपना मानता ना?"

मी तोंड उघडलं, पण तू हात वर केलास. दम लागत होता. "मी मानतो," म्हणालास. "त्यो मला मानतोय काय, त्येवढं इचारा."

फादरनी तेलाची डबी उघडली आणि तुझ्या कपाळाला बोट लावलं. "मानतात," म्हणाले. "मी त्यांच्या वतीनं आलोय."

त्यांनी सगळं मराठीतून केलं. तू प्रत्येक जागी लॅटिनमधून उत्तर दिलंस. एकाही शब्दाला चुकला नाहीस आणि एकदाही मराठीत उत्तर दिलं नाहीस. वहिनी रडत होती, आणि मला, खरं सांगते, हसू येत होतं.

दादा, तुझी शेवटची मिस्सा आपल्या चर्चमध्ये झाली. मराठीत. तुला खांद्यावरनं पोर्चमधनं आत आणलं आणि कुणी थांबलं नाही. बस्त्याव आला होता. तो आत आला नाही, चपलांजवळ उभा राहिला. तसं बाहेर थांबणाऱ्या माणसाची मला सवय होती. मी पेटीवर होते. घंटी झाली, सगळे गुडघ्यावर आले, आणि ती प्रार्थना सुरू झाली, जी मी इतकी वर्षं पुढच्या गाण्याची पट्टी शोधत अर्धवट ऐकत आले होते. फादरनी पोपचं नाव घेतलं. मग बिशपांचं. आणि श्वाससुद्धा न मोडता, मेलेल्या माणसासाठी जी ओळ असते ती आली: तुझा सेवक इनास, ज्याला तू या जगातून आपल्याकडं बोलावून घेतलंस.

एका प्रार्थनेत, एका दमात, पोप आणि तू. फादर आमच्याकडं तोंड करून उभे होते आणि मोठ्यानं म्हणत होते. पोर्चमध्ये बस्त्यावलासुद्धा ऐकू गेलं.